मातीचा रंग आणि धुराची किमया
जुनापाणीच्या काळ्या-तांबड्या घड्यापासून जपानच्या 'राकू'पर्यंत

मातीचे भांडे ही माणसाच्या संसारातील सर्वांत जुन्या वस्तूंपैकी एक. नागपूरच्या उन्हाळ्यात माठातले पाणी प्यायले नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. परंतु माठ तांबडा का आणि काळा का, एकाच चिखलातून दोन रंग कसे निघतात, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. अलीकडे मोठ्या शहरांतील प्रदर्शनांत 'राकू' नावाची जपानी पद्धतीची भांडी मांडलेली दिसतात आणि त्यांना चांगली किंमतही येते. ती पाहून आपल्या तरुणांना वाटते की ही काहीतरी परकी विद्या आहे. वास्तविक धुराने भांडे रंगविण्याची विद्या आपल्या नागपूरच्या मातीत अडीच हजार वर्षांपूर्वीच पक्की रुजलेली होती. या लेखात तीन गोष्टी पाहावयाच्या आहेत : भाजताना मातीत काय घडते, आपल्या परिसरातील प्राचीन कुंभारांनी तिचा उपयोग कसा केला आणि राकू व तत्सम पद्धती आज कशा करतात.

१. भट्टीत काय घडते?

कच्चे भांडे वरवर वाळलेले दिसले तरी त्यात पाणी असते. १०० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत हे ओलाव्याचे पाणी वाफ होऊन निघून जाते. येथे घाई केली तर वाफेला वाट मिळत नाही व भांडे फुटते. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या घडणीतच बांधलेले पाणी बाहेर पडते. यानंतर त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. ५७३ अंशांवर मातीतील गारेचे म्हणजे क्वार्ट्झचे कण एकदम किंचित फुगतात आणि थंड होताना तेथेच आकसतात. बरीच भांडी याच टप्प्यावर तडकतात. म्हणून जाणता कुंभार सुरुवातीला आच मंद ठेवतो.

आता रंगाविषयी. आपल्या बहुतेक मातीत लोह असते. भट्टीत भरपूर हवा असली की लोहाचा प्राणवायूशी पूर्ण संयोग होतो आणि भांडे तांबडे निघते. हवा तोडली आणि धूर कोंडला तर उलटे होते. धुरातील वायू लोहाकडून प्राणवायू काढून घेतात, लोहाचा काळा संयुग तयार होतो आणि शिवाय काजळीचे अतिसूक्ष्म कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात. भांडे आतपर्यंत काळे होते. बाजारात मिळणाऱ्या काळ्या माठाचे रहस्य एवढेच आहे. भाजणे संपत आले की आव्यावर ओली तणस व माती टाकून तो झाकतात, धूर आत कोंडतो आणि माठ काळा होतो.

हा काळा रंग कायमचा असतो काय? काळे खापर पुन्हा मोकळ्या हवेत लाल होईपर्यंत तापविले तर काजळी जळून जाते, लोह पुन्हा प्राणवायू घेते आणि खापर तांबडे होते. म्हणजे रंग हा मातीचा कायमचा गुण नाही. तिला ऐनवेळी कोणती हवा मिळाली, यावर तो ठरतो. राकू, खड्डाभाजण, काळी भांडी या सर्वांचे मूळ या एका नियमात आहे.

२. नागपूर परिसरातील काळी-तांबडी भांडी

नागपूरच्या पश्चिमेस जुनापाणी येथे मोठमोठ्या दगडांची शेकडो वर्तुळे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोकांची ही दफनस्थळे होत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने त्यांची नोंद केली आणि १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. पुढे डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड या नागपूर जिल्ह्यातील स्थळांवर उत्खनने झाली. नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. या लोकांना विस्तवावर किती हुकमत होती, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

या दगडी वर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याचे साज यांच्याबरोबर मातीची भांडी ठेवलेली आढळतात. त्यांतील एक प्रकार काळ्या-तांबड्या भांड्यांचा. वाडगा किंवा थाळी आतून काळी कुळकुळीत, काठही काळा आणि बाहेरचा खालचा भाग तांबडा. दोन रंगांच्या मध्ये रंगाची रेघ ओढलेली नसते. काळा रंग हळूहळू तांबड्यात विरतो. म्हणजे हे काम कुंचल्याचे नाही, आगीचे आहे.

हे कसे साधले असेल? याविषयी अभ्यासकांनी दोन उपपत्ती मांडल्या आहेत. पहिली, भांडे आव्यात पालथे घालून भाजले. तोंड राखेत, भुशात किंवा गवतात रुतलेले असल्याने आत हवा पोचली नाही आणि आतला भाग व काठ काळे झाले. बाहेरच्या बाजूला हवा मिळाली व ती तांबडी राहिली. दुसरी, भांडे आधी पूर्ण तांबडे भाजले आणि नंतर पुन्हा तापवून तोंडाकडून धुमसत्या पदार्थात पालथे ठेवले. प्रयोगात दोन्ही पद्धतींनी असे भांडे बनते. ही कल्पना केवळ आपल्याकडेच होती असेही नाही. इजिप्तमध्ये सहा हजार वर्षांपूर्वी काळ्या काठाची तांबडी भांडी होत होती. भारतातही ही भांडी गुजरात-राजस्थानपासून बंगालपर्यंत आणि दक्षिणेच्या टोकापर्यंत सापडतात.

आपल्या भागातील दुसरा वैशिष्ट्यपूर्ण प्रकार म्हणजे अभ्रकयुक्त तांबडी भांडी. नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट आणि पूर्वेला जुने स्फटिकमय खडक, अशा दोन भूप्रदेशांच्या सांध्यावर आपण राहतो. पूर्वेकडील खडकांत अभ्रक आहे. अभ्रकाच्या पापुद्र्यांमुळे भांड्याला चमक येते आणि चुलीवरचा तापही ते चांगले सोसते. निव्वळ काळी माती मात्र या कामाला चालत नाही. ती ओली असताना फुगते व वाळताना भेगाळते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणूनच कुंभार नदी-तलावाचा गाळ घेतो आणि त्यात रेती, राख, लीद मिसळतो.

येथे एक विनंती. अशी अनेक वर्तुळे शेती, रस्ते आणि खाणकाम यांत नष्ट झाली आहेत. जुनापाणीला किंवा अन्यत्र गेल्यास एकही खापर उचलू नये. जागेवरचे खापर बोलते. घरी आणलेले खापर मुके होते. प्राचीन वस्तू पाहावयाच्या तर १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, आहेच.

३. पाली वाङ्मयातील कुंभार

मातीच्या भाजणीचे उल्लेख पाली वाङ्मयात अनेक ठिकाणी येतात. त्यांतील तीन आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत.

पहिला पात्राविषयी. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंसाठी सोन्या-रुप्याची, मण्यांची, लाकडाची पात्रे नाकारली असून फक्त लोखंडी व मातीचे अशा दोन पात्रांना अनुमती आहे. अट्ठकथेत तर असे सांगितले आहे की लोखंडी पात्राला पाच आणि मातीच्या पात्राला दोन भाजण्या झाल्यावरच ते वापरास योग्य ठरते. पात्र पक्के भाजलेले असावे याचा एवढा बारकाईने विचार झालेला आहे.

दुसरा घटिकार कुंभाराचा. मज्झिम निकायातील घटिकार सुत्तात तो आंधळ्या आईवडिलांना पोसणारा कष्टकरी म्हणून येतो. तो कुदळीने जमीन खणत नाही. ढासळलेल्या काठाची किंवा उंदरांनी उकरलेली माती आणतो, भांडी घडवून ठेवतो आणि ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग ठेवून भांडे न्यावे असे सांगतो.

तिसरी गोष्ट धनियाची आणि ती या कलेत पडणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. धनिय हा कुंभारपुत्र भिक्खू राजगृहाजवळ राहत होता. त्याची गवताची कुटी गवत-लाकूड नेणाऱ्यांनी तीनदा मोडली. तेव्हा त्याने आपल्या पिढीजात कौशल्याने सबंध मातीची कुटी बांधली आणि गवत, लाकूड, शेण रचून ती अख्खी भाजून काढली. ती मृगातल्या मखमली किड्यासारखी लालभडक दिसे आणि वाजवली तर घंटीसारखा नाद येई. भारतीय वाङ्मयातील सजावटीच्या भाजणीचे हे फार जुने वर्णन होय. पण बुद्धांनी तिची प्रशंसा केली नाही. त्या आगीत किती जीव मेले असतील, असे म्हणून त्यांनी ती कुटी मोडावयास लावली.

धनियाच्या कौशल्यात खोट नव्हती. त्या कौशल्यासाठी किती जाळावे लागले, हा प्रश्न होता. आजही रंगीत, धूरकट भांडी करताना हाच प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

४. जपानचे राकू

चहा जपानमध्ये रुजविण्याचे श्रेय झेन भिक्खू एइसाई यांना देतात. ते ११९१ साली चीनहून परतताना चहाचे बी घेऊन आले असे मानतात. पुढे चहापानाला एका साध्या, शांत विधीचे रूप आले. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) या चहागुरूने या विधीसाठी डामडौल नसलेला वाडगा हवा असा आग्रह धरला. क्योतो येथील चोजिरो नावाच्या कारागिराने तो घडविला. चोजिरोच्या घरात कौलाचे काम होत असे. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने या घराला 'राकू' अक्षराचा शिक्का दिला असे सांगतात. हे अक्षर त्याच्या जुराकुदाई या प्रासादाच्या नावात आहे. राकू म्हणजे सुख, स्वस्थता. हेच पुढे घराण्याचे नाव झाले आणि त्या घराण्याची सोळावी पिढी २०१९ पासून हे काम पाहत आहे.

राकूचा वाडगा चाकावर काढत नाहीत. हातानेच दाबून, खरवडून घडवितात. झिलई वितळली की तो धगधगता वाडगा चिमट्याने भट्टीतून बाहेर काढतात. एकदम गार झाल्याने काळ्या राकूला त्याची खोल काळी छटा येते. भांड्याची भिंत जाड व सच्छिद्र असल्याने उष्णता हळू वाहते. म्हणून आत गरम चहा असला तरी हात पोळत नाही. आपल्या कुल्हडातही हाच गुण आहे.

इंग्लंडचे कुंभकार बर्नार्ड लीच यांनी १९११ साली तोक्योत एका मेळाव्यात राकू पाहिले. पाहुण्यांनी भाजलेल्या भांड्यांवर चित्रे काढली, ती झिलईत बुडवली आणि थोड्याच वेळात भट्टीतून तयार होऊन हातात आली. लीच यांनी त्या दिवसापासून मातीचे काम धरले. त्यांच्यामुळे हे नाव पश्चिमेत पोचले. १९६० मध्ये अमेरिकेत पॉल सोल्डनर यांनी तप्त भांडे पालापाचोळ्यात टाकून धुरविण्याचा प्रयोग केला. आज आपण प्रदर्शनांत ज्याला राकू म्हणतो, त्यातील भुसा आणि धूर ही भर या अमेरिकन प्रयोगाची आहे. जपानच्या मूळ राकूत ती नाही. हा फरक लक्षात ठेवावा. गंमत अशी की ही 'नवी' भर आपल्या जुनापाणीच्या घड्याला अधिक जवळची आहे.

५. राकू करण्याची रीत

हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. टप्पे असे :

(अ) माती : साध्या मातीत भाजलेल्या मातीचा चुरा किंवा जाड रेती पाचवा ते चौथा हिस्सा मिसळावी. त्यामुळे एकदम गार होण्याचा धक्का भांडे सोसते. भिंत सर्वत्र सारख्या जाडीची ठेवावी.

(आ) पहिली भाजणी : पूर्ण वाळलेले भांडे मंद आचेने सुरू करून ९०० ते १००० अंशांपर्यंत भाजावे.

(इ) झिलई : तयार बोरॉन फ्रिट चार भाग व चिनी माती एक भाग, पाण्यात कालवून. हे सर्वसाधारण प्रमाण आहे. आपल्या मातीवर आधी तुकड्यावर चाचणी घ्यावी. हिरवी वा ताम्रवर्णी चमक हवी असल्यास तांब्याचे कार्बोनेट अल्प प्रमाणात घालतात. शिशाचे फ्रिट कदापि वापरू नये. झिलई पूर्ण वाळू द्यावी.

(ई) दुसरी भाजणी : लहान भट्टीत सुमारे ९०० ते १००० अंश. झिलई आधी बुडबुडते, मग शांत होऊन ओल्या काचेसारखी चकाकते. ती खूण.

(उ) धुरी : लांब चिमट्याने भांडे उचलून लोखंडी पिंपातील कोरड्या भुशात ठेवावे, भुसा पेट घेताच घट्ट झाकण लावावे. पंधरा-वीस मिनिटे उघडू नये.

(ऊ) गार करणे : नंतर पाण्यात बुडवावे किंवा तसेच निवू द्यावे. काजळी घासून काढावी.

परिणाम काय होतो? झिलई मातीपेक्षा अधिक आकसते, म्हणून तिच्यावर बारीक भेगांची जाळी पडते आणि धूर त्या भेगांत शिरून काळी नक्षी उमटते. झिलई नसलेला भाग पूर्ण काळा होतो. तांबे असलेल्या झिलईत हवेअभावी तांबे धातुरूपात येते आणि तांबूस झळाळी दिसते. झाकण लवकर उघडले तर तीच जागा पुन्हा हिरवी होते. नियम तोच, पहिल्या प्रकरणातला.

६. अन्य पद्धती

खड्डाभाजण : जमिनीत हातभर खोल खड्डा करून तळाशी भुसा, त्यावर घोटून गुळगुळीत केलेली भांडी, मध्ये गोवऱ्या, पऱ्हाट्या व तुराट्या रचतात. मोरचूद, हिराकस किंवा मीठ शिंपडल्यास भांड्यावर लालसर, पिवळसर, करड्या छटांचे ढग उमटतात. विदर्भात पऱ्हाट्यांना तोटा नाही.

पेटीभाजण : भांडे झाकण असलेल्या मातीच्या पेटीत पालापाचोळ्यासह बंद करून पेटीच भट्टीत ठेवतात. धूर आतच राहतो.

केसांची नक्षी : घोटलेले भांडे साधारण ५०० ते ६०० अंशांवर असताना त्यावर घोड्याच्या शेपटीचे केस टाकतात. केस जळताच त्याची काळी नागमोडी रेघ कायमची उमटते.

भारतातच याची दोन उत्तम उदाहरणे आहेत. उत्तर प्रदेशातील आझमगड जिल्ह्यात निजामाबादची काळी भांडी धूर कोंडून करतात आणि त्यावर कोरून रुपेरी भरणी करतात. त्यांना २०१५ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मणिपूरच्या लोंगपी गावी चाक न वापरता दगडाची पूड मिसळून भांडी घडवितात आणि आगीतून तापलेली काढून त्यावर झाडाचा पाला घासतात. ती काळी, तुळतुळीत होतात आणि चुलीवर स्वयंपाकाला चालतात.

७. शाळेत करता येईल असा प्रयोग

जाड, पक्क्या भाजलेल्या, बिनझिलईच्या दोन तांबड्या पणत्या घ्याव्यात. मोकळ्या जागेत कोळशाच्या शेगडीवर हळूहळू तापवून अंधुक लाल होऊ द्याव्यात. घमेल्यात चार बोटे कोरडा भुसा घेऊन शिक्षकांनी चिमट्याने एक पणती त्यावर पालथी ठेवावी व बाहेरची बाजू उघडी राहू द्यावी. दुसरी भुशात पूर्ण पुरून झाकण ठेवावे. निवल्यावर पहिली आतून काळी व बाहेरून तांबडी निघेल. दुसरी सर्वत्र काळी. मग दुसरी पुन्हा शेगडीवर लाल करून हवेत निवू द्यावी. तिचा काळा रंग जातो. तीन तासांत विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र आणि आपल्या जिल्ह्याचा इतिहास एकदमच कळतो.

८. सावधगिरी आणि सचोटी

राकूची भांडी सच्छिद्र असतात आणि त्यांच्या झिलईला भेगा असतात. त्यांत अन्न, विशेषतः आंबट पदार्थ, ठेवू नयेत. ती शोभेची आहेत, असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून विकावीत. खड्डाभाजणात मोरचूद किंवा मीठ टाकल्यास निघणारी वाफ विषारी असते; वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नये. काम करताना सुती कपडे, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा असावा. नायलॉनची साडी वा ओढणी भट्टीजवळ नको. कोरडी माती झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिची धूळ फुप्फुसात साठून कायमचा आजार देते. भट्टी वस्तीत लावू नये. शेजारच्या घरातले तान्हे मूल आणि दम्याचा म्हातारा आपल्या कलेची किंमत का मोजतील? जेवढी भांडी एका आचेत बसतील तेवढी साठल्यावरच भट्टी पेटवावी. धनियाच्या कुटीचा बोध येथे प्रत्यक्ष कामाला येतो.

उद्योग म्हणून विचार करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, राकूत फूट बरीच होते. फुटलेल्या नगांचा खर्च उरलेल्यांच्या किमतीत धरल्याशिवाय हिशेब लागत नाही. दोन, केंद्र सरकारच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत कुंभारकामाचा समावेश आहे. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी साहाय्य व सवलतीच्या व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे. आपल्या विदर्भातच, भद्रावतीला, कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या पुढाकाराने ग्रामोदय संघाने मातीकामाचे मोठे केंद्र उभे केले. तेव्हा शिकायचे तर दूरदेशीच जावे लागते असे नाही.

समारोप

माती मळणारे हात आपल्या समाजात दीर्घकाळ हलके लेखले गेले. त्या हातांनी काय साधले हे मात्र जमिनीने जपून ठेवले आहे. जुनापाणीच्या कुंभाराचे नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याची भाषा ठाऊक नाही. पण हवा कधी द्यायची आणि कधी तोडायची हे त्याला अचूक ठाऊक होते, एवढे त्याचे भांडे सांगते. चोजिरोचे नाव जपानने सोळा पिढ्या जपले. आपण निदान एवढे करू शकतो : पुढच्या वेळी माठ घेताना कुंभाराला विचारावे की हा काळा कसा केला, आणि बरोबरच्या मुलाला ते उत्तर नीट ऐकू द्यावे.